खरी आहे का?

मागच्या शनिवारी दुपारी इंग्लंडातल्या केनिलवर्थच्या पंपावर पेट्रोल भरत उभा होतो. ऊन होतं, म्हणजे इकडच्या मानाने ऊन, स्वेटर काढून कमरेला बांधण्याइतपत. फुटपाथवरून एक आजोबा कुत्र्याला फिरवत चालले होते ते थांबले, कुत्राही थांबला, दोघांनी मिळून गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मग आजोबांनी तोच प्रश्न विचारला जो गेल्या चार वर्षांत मला दोनेकशे लोकांनी तरी विचारला असेल. "खरी आहे का?"

आता यावर काय सांगायचं? माझ्याकडे उत्तरांचा साठा आहे. घाईत असलो की "नाही". मूडमध्ये असलो की "चिमटा काढून बघा". लहान पोरं हा प्रश्न विचारत नाहीत, त्यांना फक्त इंजिन गुरगुरवून दाखवलं की झालं. आणि आपली माणसं तर विचारतच नाहीत, डायरेक्ट निकाल देतात. मंडळाच्या गणपतीत एक काका, हातात मोदकाची प्लेट, चारचौघांत मोठ्यांदा, "म्हणजे डुप्लिकेट आहे ना रे?" डुप्लिकेट! जसं काही मी फुटपाथवरून घड्याळ उचलून आणलंय. तेव्हापासून त्या शब्दावर माझा जो राग बसलाय तो बसलाच, मागच्या खेपेला पुण्यात किल्लीवाल्याकडे गेलो तेव्हा पण मी "अजून एक चावी करून द्या" म्हटलं, तो म्हणाला "डुप्लिकेट ना?", मी म्हटलं "अजून एक".

तर सांगून टाकतो. एसी कोब्रा या साठच्या दशकातल्या उघड्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका आहे. फायबरग्लासची बॉडी, खाली चौकोनी पाइपांची चासी, मागचा अॅक्सल भंगारातल्या जॅग्वार एक्सजे ६ चा, इंजिन रोव्हर एसडी १ मधलं साडेतीन लिटरचं व्ही ८. बांधली मी. म्हणजे निम्मी मी. घेतली तीच अर्धवट, डर्बीकडच्या एका गृहस्थांनी सुरू केली होती, मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी तशीच राहिली. सोबत एकोणीस खोकी आली. त्यातल्या अकरा खोक्यांवर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला, 'बाकीचं'.

हे वेड कुठून लागलं ते नक्की सांगता येत नाही. एकदा नोकरीच्या पहिल्या वर्षात आम्ही चौघं पुण्याहून अलिबागला चाललो होतो तेव्हा समोरून एक बुटकी, उघडी, चाकं बाहेर आलेली गाडी गेली, चिंकारा रोडस्टर, लोटस सेव्हन या जुन्या इंग्रजी गाडीच्या धर्तीवर बनवलेली, तिकडे अलिबागकडेच बनायची ती, आणि इंजिन कुठलं तर काँटेसातलं इसुझूचं १.८. मागच्या सीटवरून एकजण म्हणाला "अलिबागवरून आलीय ना ती". पुढचे दहा किलोमीटर आम्ही त्यावर हसत होतो, पण मी मान वळवून बघत राहिलो होतो हे खरं.

पण तेही नाही. त्याच्या आधीचं आहे काहीतरी.

साताऱ्याला आमच्या वाड्यात दिवाळीच्या सुट्टीत किल्ला व्हायचा. तुमच्याकडेही होत असेल, त्यामुळे विटा, पोती, मातीचा गिलावा, पेरलेले हळीव, हे काही सांगत बसत नाही. तो पोत्यांचा वास मात्र सांगायला पाहिजे, चिखलात बुडवलेल्या गोणपाटाचा, हात तीन दिवस तसेच वास मारायचे आणि फराळालाही तोच वास. एका वर्षी मी प्रतापगड केला. मावळे बाजारातून आणलेले, शिवाजी महाराज सिंहासनावर बसलेले, आणि बसूनसुद्धा महादरवाज्यापेक्षा मोठे. सिंहासन रायगडावरचं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माचीवर मी माझी लाल रंगाची प्लास्टिकची गाडी लावली. उघडी, दोन सीटवाली, पुढचा दिवा फुटलेली. समोरच्या बिऱ्हाडातले अण्णा रोज संध्याकाळी किल्ला तपासायला यायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ते म्हणाले, "काय रे, महाराजांच्या काळात मोटार?" मी म्हटलं बघायला आलेल्या माणसाची आहे. "मग पायथ्याला लाव, वर कशाला नेलीस?" म्हटलं, "वरपर्यंत जाते ती." अण्णा बराच वेळ त्या माचीकडे बघत राहिले, मग अंगणातून वर दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो खरा किल्ला तिथे उभा आहे, तिथे कधी गेलायस का?" गेलो नव्हतो. तो काय, रोजच दिसायचा. नंतर जाऊ म्हणत राहिलं, दहावीनंतर पुण्याला आलो, आणि ते राहिलंच.

असो. गाडीकडे येतो.

लोकांना वाटतं गाडी बांधणं म्हणजे वेल्डिंगच्या ठिणग्या वगैरे. नाही. गाडी बांधणं म्हणजे बोल्ट शोधणं. मग तो सापडला की त्याचे आटे गेलेले असणं. मग नवीन मागवणं, आणि तो मेट्रिक निघणं, कारण जुनी इंग्रजी इंजिनं इंचांत आणि बाकी दुनिया मिलिमीटरमध्ये. माझ्याकडे पान्यांचे दोन पूर्ण सेट आहेत आणि हवा तो पाना दोन्हीत नसतो. गॅरेजमध्ये रेझिनचा वास इतका मुरलाय की बायकोनं माझं एक जॅकेट घरात आणायला कायमची बंदी घातलीय, ते तिकडेच खिळ्याला लटकलेलं असतं.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून निपल सैल करायचा, बुडबुडे येतात का बघायचं, परत आवळायचा. लांबच्या चाकापासून सुरुवात. बायको नाइट ड्रेसवर सीटवर बसली (सीट नव्हती, उलटी बादली होती) आणि मी खालून ओरडत होतो, "दाब... धर... धर गं... आता सोड." परत दाब. परत धर. पाऊण तास. शेवटी वरून आवाज आला, "अरे, बाळंतपणात तू माझ्याशी एवढं बोलला नव्हतास."

आणि १-८-४-३-६-५-७-२. हे मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, रामरक्षेचे मधले श्लोक आता विसरलो पण हे नाही. आठ सिलिंडरना ठिणगी ज्या क्रमानं द्यायची तो क्रम. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम, आणि त्यात पाच आणि सात शेजारी शेजारी असून लागोपाठ पेटतात, त्यामुळे त्यांच्या वायरीसुद्धा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. मी त्या चिकटू दिल्या नाहीत. मी त्यांची अदलाबदलच केली. पहिल्यांदा सेल मारला तेव्हा इंजिन घेतलं, खरंच घेतलं, दोन-तीन सेकंद असा काही आवाज झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग फाट्, फाट्, असे बार निघायला लागले की शेजारी गाऊनवर बाहेर. हातात कॉफीचा मग तसाच. बायको खिडकीतून म्हणाली, "झाली का दिवाळी?" बरोबर बोलली.

आता खऱ्या कोब्राची गोष्ट. ही मी प्रत्येकाला ऐकवतो, काकांनाही ऐकवली, ते मोदक खात राहिले. कॅरल शेल्बी हा टेक्ससचा माणूस, आधी कोंबड्या पाळायचा, त्या रोगानं मेल्या, मग गाड्या पळवायला लागला, १९५९ ला अॅस्टन मार्टिनमधून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला, आणि पुढच्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं त्याचं रेसिंग संपलं. इकडे इंग्लंडात थेम्स डिटनला एसी नावाची छोटी कंपनी, तिची एस (Ace) नावाची सुंदर गाडी, पण तिला इंजिन पुरवणाऱ्या ब्रिस्टलनं इंजिनं बनवणं बंद केलेलं. शेल्बीनं एसीला सांगितलं माझ्याकडे इंजिन आहे, फोर्डला सांगितलं माझ्याकडे गाडी आहे, आणि म्हणतात की त्या क्षणी त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. १९६२ मध्ये पहिली कोब्रा तयार झाली. एकच. पण ऑर्डरी तर हव्या होत्या, म्हणून प्रत्येक मासिकाकडे टेस्टला पाठवायच्या आधी त्यानं तीच गाडी वेगळ्या रंगात रंगवून दिली, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं कारखान्यातून धडाधड बाहेर पडतायत. ती गाडी २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. थापा मारत फिरलेली गाडी.

अजून आहे. ती एस मुळात जॉन टोजेरो नावाच्या माणसाच्या रेसिंग कारवरून घेतलेली, आणि त्या कारची बॉडी बघा, फेरारीची बार्केटा शेजारी ठेवा, मग मला सांगा. ब्रिस्टलचं इंजिन कुठलं, तर युद्धानंतर जर्मनीहून आणलेल्या बीएमडब्ल्यूच्या डिझाइनचं. पुढे सात लिटरची, म्हणजे ४२७ घनइंचांच्या इंजिनाची, ४२७ कोब्रा निघाली तर त्यातल्या काही गाड्यांमध्ये ४२७ च्या जागी ४२८ बसवलेलं, दिसायला जुळं, स्वभाव वेगळा. आणि माझं रोव्हरचं इंजिन? तेही रोव्हरचं नाही, ब्यूइकचं, १९६१ चं, अमेरिकेला नकोसं झालं तेव्हा रोव्हरनं हक्क विकत घेतले. म्हणजे इंग्रज बॉडीत अमेरिकन इंजिन हा कोब्राचा मूळ फॉर्म्युला मी नकळत पाळलाच आहे. या मुद्द्यावर काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण डुप्लिकेटच ना."

इथे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, आयव्हीए म्हणतात. बाहेरून हात लागेल अशी कुठलीही कड निदान २.५ मिलिमीटर गोल हवी. १०० मिलिमीटरचा गोळा गाडीवरून फिरवला आणि तो जिथे जिथे टेकेल तिथे धारदार काही असता कामा नये. ६० च्या दशकातल्या गाडीत धार नसलेलं काही होतं का? आरसे, टोकदार नट, डॅशबोर्डवरची ती सुंदर लोखंडी बटणं, सगळ्यांना मी काळं रबर लावलं, मुंजीतल्या बटूसारखी दिसत होती गाडी, तोंड पाडून. पहिल्या वेळी नापास. चूक माझीच, एका बटणाला रबर लावायचं राहिलं होतं, त्या गृहस्थांनी बोट फिरवून ते बरोबर काढलं. दुसऱ्या वेळी पास, आणि घरी येऊन सगळं रबर उपटलं. सगळेच उपटतात म्हणे. मी आपलं ऐकलंय.

मग नंबर प्लेट. एकोणीस खोक्यांतून आलेल्या गाडीचं वय किती, हे ठरवणं कठीण, तर अशा गाड्यांना क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळतो. क्यू म्हणजे जन्म कधीचा माहीत नाही. लोक या प्लेटला नाकं मुरडतात, गाडीची किंमत उतरते म्हणतात. मला एकदम आजी आठवली. तिची जन्मतारीख १ जून होती. तिच्या भावाची १ जून, जावेची १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. पुढे पेन्शनच्या कागदांवर तीच लागली आणि चाललीसुद्धा.

चालवायला कशी आहे? भयंकर आहे. छप्पर नाही. डोक्यावरच नाही तर पायापाशीही हवामान असतं, फक्त उलटं, वर थंडी आणि खाली इंजिनाची भट्टी, डिसेंबरात माझे कान गार आणि बूट तापलेले. क्लच दाबून दाबून डावी मांडी उजवीपेक्षा जाड झालीय असं मला वाटतं, बायको मोजू देत नाही. पाऊस आला तर वेग वाढवायचा, काचेवरून पाणी डोक्यावरून जातं, पण सिग्नल लागला की संपलं. ताशी ५० मैलांना १०० वाटतात, आणि बोगद्यात शिरताना मी गिअर खाली घेतो, कुणी बघत नसलं तरी घेतो, असलं तर नक्कीच. सायलेन्सर दोन्ही बाजूंनी दाराखालून जातात, उतरताना पाय जरा वाकडा पडला की पोटरीला चटका. कोब्रावाले त्याला साप चावला म्हणतात. आई आली होती तेव्हा तिला हौसेनं फिरवून आणलं, साडीवर, डोक्याला स्कार्फ, उतरताना मी दहा वेळा सांगितलं पाय लांब टाक, आणि चटका मला बसला. आईनं कोरफड लावली आणि विचारलं, "केवढ्याला पडली रे?" मी निम्मा आकडा सांगितला. तो आकडाही रेप्लिकाच म्हणा.

तर पंपावर. आजोबांनी बॉनेटवर हात ठेवला, विचारून ठेवला, माणूस चांगला होता. मी म्हटलं नाही हो, खरी नाही, घरी बांधलीय. ते म्हणाले छान जमलीय, तरुणपणी एकदा एक पाहिली होती, निळी. मग थोडं थांबून, "आणि तू कुठला?"

"कॉव्हेंट्रीचा."

"नाही, म्हणजे, खरा कुठला?"

हात अजून बॉनेटवरच होता, प्रेमानं. कुत्र्यानं मागच्या चाकाचा वास घेतला. पेट्रोलची नळी खटकन बंद पडली, ४१ लिटर.

"साताऱ्याचा," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं तिथे काय आहे.

"किल्ला आहे एक. घराच्या अगदी वर."

"खरा?"

मी पैसे द्यायला आत गेलो.