जन्मस्थान : पुणे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची खूण आणि महिन्यातून एकदा अमेरिकेची एक तारीख असते. तिथलं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या रांगेत नंबर कुठवर आलाय, ते त्यात कळतं. माझ्या मुलाचा अर्ज मार्च २०१५ चा. २०२५ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत भारतीयांसाठी दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे माझा मुलगा ज्या रांगेत आहे तिची, तारीख एकच होती, १ जानेवारी २०१३; त्याआधीच्या अर्जांचाच नंबर लागत होता. सहाही पानांवर मी तेच लिहिलंय. ऑक्टोबरात ती १ एप्रिल २०१३ झाली.

मुलाची मला तेवढी काळजी नाही. तो स्वतःच्या मर्जीने, एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेला. जीव तुटतो तो ईरासाठी, माझ्या नातीसाठी. ती जून २००६ ची, इथे कर्वेनगरात पाच वर्षं वाढली आणि २०११ मध्ये आईबापांबरोबर गेली. जून २०२७ मध्ये तिला एकविसावं पूर्ण होईल. त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ती 'मूल' नाही, म्हणजे बापाच्या अर्जातून तिचं नाव गळणार. कागद त्यांच्या तपासणीत जितके दिवस पडून होते तितके दिवस वयातून वजा करण्याची सोय २००२ च्या कायद्याने दिली आहे. आमचे ते चारच महिने भरतात.

ही रांग एवढी का तुंबली, ते मला मुलाने कागदावर मांडून दाखवलं होतं. १९९० च्या कायद्याप्रमाणे नोकरीवरची ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली ७ टक्के. दुसऱ्या श्रेणीत भारताच्या वाट्याला येतात जेमतेम २,८००, त्यातच बायकामुलंही मोजायची. इतर देशांच्या उरलेल्या जागा कधी मिळतात, कधी नाही. शिवाय देश धरतात तो जन्माचा. उद्या कुणी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी रांग बदलत नाही.

मुलाच्या जुन्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती. ग्रीन कार्डाला नावासकट दाखला लागतो, म्हणून महापालिकेत चार खेटे घालून मीच तो करून आणला. घरी येताना रिक्षात पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. जन्मस्थान : पुणे. फार बरं वाटलं होतं तेव्हा. त्याच एका ओळीवरून माझा मुलगा आणि त्याची लेक कुठल्या रांगेत उभे राहणार ते ठरतं, हे मला नंतर कळलं.

ईराचा धाकटा भाऊ नील तिथे जन्मला, म्हणून तो तिथला नागरिक. एका घरात, एका ताटातलं खाऊन वाढलेली दोन भावंडं. ईरा एच-फोरवर आहे, एच-वन-बीवाल्यांच्या बायकामुलांना मिळतो तो व्हिसा. त्यावर तिला कुठलंही पगारी काम करता येत नाही. शाळेत असताना सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या. ही संध्याकाळी जाऊन काउंटरच्या अलीकडे बसायची आणि त्यांची सुट्टी झाली की तिघी मिळून घरी यायच्या. मालकाने एकदा हिलाही विचारलं, कामाला येतेस का? "आई रागावेल," असं सांगून तिने वेळ मारून नेली. खरं कारण सांगायची तिला लाज वाटली. लाज वाटावी असं तिने काय केलं होतं?

बागेत आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, "एवढा त्रास आहे तर यावं की परत." मुलगा येईल हो. त्याला इथली भाषा आहे, मित्र आहेत, लक्ष्मी रोडवर डोळे मिटून चालेल तो. ईराने कुठे परत यायचं? तिच्यासाठी ते दुसऱ्यांदा परदेशी जाणं होईल. किती माणसं घ्यायची हे त्या देशाने ठरवावं, मला मान्य आहे. पण पहिलीपासून बारावीपर्यंत ज्या मुलीला स्वतःच्या शाळेत शिकवलं, तिला एका वाढदिवसाला उपरी ठरवणं मला मान्य नाही, आणि मी ते भेटेल त्याला सांगते.

एकविसाव्यानंतरही तिथे राहता यावं म्हणून आता ती विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणार आहे. शिक्षण झालं की मायदेशी परत जाईन, तिकडे माझं घर आहे, असं त्यात दाखवावं लागतं.

भाऊबीजेला व्हिडिओ कॉल केला होता. ईराने नीलला ओवाळलं, त्याने तिला पाकीट दिलं. मग ती फोन घेऊन खोलीत गेली. "आजी, तुझा पूर्ण पत्ता पाठवशील? परदेशातलं माझं घर म्हणून लिहायचाय." मी लगेच पाठवला. इमारतीचं नाव, गल्ली, कर्वेनगर, पुणे ४११०५२, सगळं नीट.

पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला. "सॉरी आजी, मला हे वाचता येत नाहीये. इंग्लिशमध्ये लिहितेस का?"

मी चष्मा पुसला आणि पुन्हा लिहायला घेतला.