पाय टेकला

दुपारी बूट पुसायला घेतले. डाव्या बुटावर, नाडीच्या जरा पुढे, बोटभर लांबीचा काळा डाग आहे. तो काही जात नाही. पॉलिश लावलं की तेवढ्यापुरता लपतो, वाळलं की पुन्हा वर येतो. गिअर वर टाकताना चवड्याने लिव्हर उचलावी लागते, त्या घासणीचा हा डाग. उजवा बूट कोरा. एका बुटाला डाग आणि दुसरा स्वच्छ, असा माणूस मोटरसायकल चालवतो हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. म्हणजे बुटाच्या दृष्टीने मी चालक आहे. लायसन्सच्या दृष्टीने अजून नाही.

किती वेळा नापास झाले ते सांगत नाही. घरात आकडा माहीत आहे, तेवढा प्रसार पुरे.

परीक्षा कशाची, तर आठ काढायचा. जमिनीवर आखलेल्या आठवरून गाडी फिरवून आणायची. पाय टेकायचा नाही, गाडी बंद पाडायची नाही, रेघेबाहेर जायचं नाही. बास. आणि हा आठ इंग्रजी. आपला आठ असता तर मी कधीच पास झाले असते. वरून खाली यायचं, तळाशी उजवीकडे वळायचं आणि तसंच सरळ घरी जायचं. इंग्रजी आठ मला लहानपणीही छळत होता. पाटीवर मी दोन शून्यं काढायचे, एकावर एक. दिसायला अगदी आठ. पण बाई मागे येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पेन्सिल उचलायची नाही." उचलायची नाही तिथे मी उचलत होते, आता टेकायचा नाही तिथे टेकते. प्रगती आहे म्हणायची.

पहिलं वळण ठीक जातं. दर वेळी ठीक जातं. पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला, एक्सलेटर एका जागी धरलेला, मागच्या ब्रेकवर पाय अलगद. मधली फुली ओलांडते, तिथेही काही होत नाही. दुसऱ्या गोलात शिरताना, उजवं वळण सुरू होतं ना, तिथे आखलेल्या पट्ट्यावरचा रंग एके ठिकाणी उडाला आहे. तळहाताएवढी जागा. खालची खडी दिसते. माझी नजर तिथे जाते. ‘नजर जिथे, गाडी तिथे’ हे मला पाठ आहे, मी इतरांनाही सांगते. नजर उचलून खांद्यावरून पुढे न्यायची असते, वळण जिथे संपतं तिथे. ती जात नाही. गाडी त्या उडालेल्या रंगाकडे कलायला लागते, डावी बोटं क्लचवर आखडतात, इंजिनाचा आवाज एक पट्टी वर जातो, आणि उजवा पाय ब्रेक सोडून खाली जातो. मी पाय टेकवत नाही. तो टेकतो. जमिनीला लागेपर्यंत मला त्याचा पत्ताही नसतो.

"टेकला. पुढचा."

परीक्षक एवढंच बोलतात, तेही कागदावरून मान वर न करता. मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. ते निदान सांत्वन करत नाहीत.

सांत्वन करणाऱ्यांचं मात्र मला वावडं आहे. घरी पोचायच्या आत फोन सुरू होतात. एक प्रकार "हल्ली फारच कडक झालंय" वाल्यांचा. त्यांच्या काळी सगळं सैल होतं, पण ते पास झाले तेव्हा मात्र कडक होतं. दुसरा प्रकार "अगं, माझं तर पहिल्याच वेळी झालं" वाल्यांचा. याने मला धीर कसा यावा ते मला कोणी समजावून सांगावं. तिसरा प्रकार स्कूटरवाल्यांचा. "स्कूटरवर दे की परीक्षा. गिअर नाही, क्लच नाही, दोन मिनिटांचं काम." त्यात काही चूक नाही हो. स्कूटर उत्तम. पण मला मोटरसायकल चालवायची आहे आणि त्याचं कारण फोनवर सांगण्याइतकं छोटं नाही. मग मी "बघते" म्हणते. बघते म्हटलं की लोक समाधानाने फोन ठेवतात.

सल्ले वेगळे. खाली बघू नकोस. हात ढिले सोड. गुडघ्यांनी टाकी आवळ. श्वास घे. (हा सल्ला देणाऱ्याला काय वाटतं, मी तोवर कसं भागवत होते?) माझा आतेभाऊ तर म्हणाला, "ताई, तू विचार करतेस. विचार करायचाच नसतो." मी विचारलं, मग काय करायचं असतं? तो बराच वेळ गप्प बसला. मग हवेत दोन्ही हात धरून एक वळण घेतलं आणि म्हणाला, "असं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नाही. विल्बर राइट, विमानवाल्या दोघा भावांपैकी थोरला, आधी सायकलींचा धंदा करायचा. त्याने बऱ्याच सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता. कोणालाही सगळं बरोबर सांगता आलं नाही. डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं, त्याने सायकल डावीकडे कलते, आणि मग वळण सुरू होतं. हे रोज करणाऱ्याच्या गावीही नसतं. हाताला माहीत असतं, तोंडाला नसतं. म्हणजे ज्यांना येतं त्यांना सांगता येत नाही, आणि ज्यांना सगळं सांगता येतं त्यांच्यातली मी एक. मला काहीही विचारा. क्लच कुठे पकडतो ते विचारा, वळणात पुढचा ब्रेक का दाबू नये ते विचारा. लेखी परीक्षेत माझा एकही प्रश्न चुकला नव्हता.

आणि परीक्षा सगळी हळू जाण्याची. वेगात जाणं सोपं आहे, ते गाडीच करते. सायकल स्वतःहून उभी कशी राहते यावर शंभराहून जास्त वर्षं डोकेफोड चालली आहे. फिरतं चाक भोवऱ्यासारखं तोल धरतं म्हणून, असं एक उत्तर असायचं. पुढच्या चाकाच्या मांडणीमुळे सायकल जिकडे कलते तिकडे ते आपसूक वळतं, हे दुसरं. २०११ साली काही संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक सायकल बनवली, ढकलून दिली, आणि ती तरीही तोल सांभाळत गेली. ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं, ही बाब मला महत्त्वाची वाटते. पण तिलाही पुरेसा वेग लागत होता. वेग उतरला की ही सगळी मदत निघून जाते, आणि मग तुम्ही, तुमचा क्लच आणि तो उडालेला रंग, एवढेच उरता.

जपानमधल्या परीक्षेत एक अरुंद फळी असते, १५ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद. मोठ्या मोटरसायकलने तिच्यावरून किमान १० सेकंद लावून जायचं. लवकर पोचलात तर गुण कापतात, फळीवरून खाली उतरलात तर परीक्षा तिथेच संपली. मी हिशेब केला. ताशी साडेपाच किलोमीटरही होत नाहीत, माणूस पायी जातो तेवढाच वेग. एवढं जड धूड माणसाच्या चालीने चालवून दाखवा, म्हणजे पळवायची परवानगी देतो, असा तो सौदा. मला हा सौदा पटतो. नापास होऊनही पटतो, याचा मला राग येतो.

खरा धीर मला एकाच माणसाने दिला, तोही १८८५ सालचा. गॉटलीब डाइमलरने त्या वर्षी जर्मनीत इंजिनवाली दुचाकी बनवली. मोटरसायकलचा इतिहास बहुतेक तिच्यापासून सुरू करतात. तिला दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाकं होती. ज्याने मोटरसायकल बनवली त्याने स्वतःच्या तोलावर भरवसा ठेवला नव्हता! त्याचा मुलगा पाउल ती घेऊन रस्त्यावर गेला, आणि वाटेत इंजिनाच्या उष्णतेने बसायची जागाच पेटली म्हणतात. अशा वेळी कोणी पाय टेकले असतील तर त्याला नापास कोण करणार?

मोटरसायकलच का, ते सांगायचं राहिलं. मी टाकीवर बसायचे. बाबांच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर, पुढे, दोन्ही पाय दोन्हीकडे. असं बसवू नये हे आता कळतं, तेव्हा कोणाला कळत नव्हतं. टाकी उन्हाने तापलेली असायची, आधी मांड्यांना चटका, मग तो चटकाही आवडायला लागायचा. समोर मीटरची काच, तिच्यात एका कोपऱ्यात धुकं साचलेलं, आणि काटा थरथरत चाळीसच्या आसपास. माझे हात हँडलच्या मधोमध, बाबांचे दोन्ही टोकांना. गाडी मी चालवते आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि बाबांनी ती कधी निर्माण होऊ दिली नाही. वळण आलं की म्हणायचे, "वळव." मी वळवायचे. गाडी वळायची! चौकात गाडी थांबली की त्यांचा डावा पाय खाली जायचा, त्यांची चप्पल रस्त्यावर घासल्याचा आवाज यायचा, आणि सगळी गाडी जराशी त्या बाजूला कलून विसावायची. मी खाली वाकून तो पाय बघायचे. माझे पाय हवेत. मोठं होणं म्हणजे गाडीवर बसून पाय जमिनीला टेकणं, असं मी ठरवून टाकलं होतं.

परवा फोनवर बाबांना विचारलं, तुमची परीक्षा कशी झाली होती? ते म्हणाले, "परीक्षा कसली. समोरच्या झाडापर्यंत जाऊन या म्हणाले. गेलो, आलो."

"आणि आठ?"

"आठ कुठला? झाड होतं."

मागच्या वेळी माझ्या आधी एक मुलगा होता. विशीचा असेल. त्याने आठ काय सुरेख काढला, मला पोटात दुखेल इतका. मान खांद्यावरून वळलेली, मनगटं सैल, इंजिनाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात. त्या उडालेल्या रंगावरून तो गेला तेव्हा चाक डगमगलंसुद्धा नाही. परीक्षकांनी मान वर करून बघितलं. माझा पाय टेकून झाल्यावर मी गाडी ढकलत फाटकाशी आले तेव्हा तो बाहेर पडत होता. हेल्मेट काढून कोपरात अडकवलेलं, मोबाईल कान आणि खांद्यात दाबलेला, मान तशीच वाकडी, आणि तो पास झाल्याचं कोणाला तरी ओरडून सांगत, डावीउजवी न बघता, भर रहदारीत शिरला. समोरून येणाऱ्या ट्रकने कचकन ब्रेक दाबला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मी फाटकात गाडी धरून उभी राहिले. हाक मारावी असं वाटलं, पण माझ्या हातात नापासाचा कागद होता.

पुढची तारीख सोमवारची मिळाली आहे. मला सोमवार आवडत नाही, पण सोमवारी गर्दी कमी असते म्हणतात.