बळी नऊच, तरी सर्वबाद

वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात महिला क्रिकेटची बातमी म्हणजे वर्षानुवर्षं मोठी सोयीची वस्तू होती. एजन्सीकडून येणार, दीडशे शब्दांत बसवली तरी कुणाचा फोन येणार नाही, आणि ऐनवेळी जाहिरात वाढली तर आधी तीच उडणार. २०१७ चा विश्वचषक तेवढा अपवाद. भारताच्या हरमनप्रीत कौरने डर्बीत ऑस्ट्रेलियाला धू धू धुतलं, नाबाद १७१, आणि तीन दिवसांनी लॉर्ड्सवर फायनल ९ धावांनी हातची गेली, तेव्हा या मुली पहिल्या पानावर झळकल्या. महिनाभरात पुन्हा डावीकडे खाली, सिंगल कॉलमात. २०१८ च्या मे महिन्यात वानखेडेवर, आयपीएलच्या प्लेऑफआधी, भर दुपारी दोन वाजता महिलांचा एक प्रदर्शनी सामना ठेवला होता. आमच्याकडे त्याची चौकट लागली. लहानच.

त्यामुळे ४ मार्च २०२३, शनिवारी संध्याकाळी आमच्या डेस्कवर जो वाद झाला तो काही कुणाच्या दुष्टपणातून झाला नाही. सवयीतून झाला. आदल्या दिवशी इंदूरची कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली होती, भारत ९ गड्यांनी हरला होता आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला होता. तिकडे ग्वाल्हेरला इराणी करंडकात आपल्या यशस्वी जयस्वालने पहिल्या डावात २१३ आणि दुसऱ्यात १४४ केल्या होत्या. क्रीडा संपादकांनी कागदावर डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, आखला: खेळपट्टी लीड (मुख्य बातमी), यशस्वी सेकंड लीड, आणि महिलांची प्रीमियर लीग खाली चार कॉलम, उद्घाटनाला नाचणाऱ्या नट्यांच्या फोटोसकट.

मी म्हटलं, “सर, सामना नेरूळला आहे. मुंबईची टीम आहे. आणि पहिलाच सामना आहे.”

“एकतर्फी झाला तर?”

“पुरुषांचा एकतर्फी झाला की आपण तो आतल्या पानावर टाकतो का?”

पान लावणारे आमचे काका (डेस्कवर सगळ्यात जुने, पान लावायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर येण्याआधीपासूनचे) कीबोर्डवरची नजर न काढता म्हणाले, “दोन डमी करा. भांडण मिटेल.” मिटलं नाही, पण दोन डमी झाले.

आता मुंबईची टीम म्हणताना मलाही जरा अडखळायला होत होतं. लिलावात ३ कोटी ४० लाखांना गेलेली सांगलीची स्मृती मंधाना बंगळूरची कर्णधार. भांडुप-वांद्र्यात वाढलेली जेमिमा आणि कांदिवलीची राधा यादव दिल्लीकडे. धारावीची सिमरन शेख आणि सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे यूपीकडे. मुंबईकडे अस्सल मुंबईकर म्हणून दाखवायला हुमैरा काझी. बाकी कर्णधार मोग्याची, यष्टिरक्षक बडोद्याची, फिरकीपटू कोलकात्याची आणि काही वेस्ट इंडीज, इंग्लंड, न्यूझीलंडहून आलेल्या. ९१२ कोटी ९९ लाखांना विकत घेतलेल्या संघाला आपलं कसं म्हणायचं, हा प्रश्न शेजारच्या टेबलावरच्या व्यापारपानवाल्याने विचारला. त्याला मी विचारलं, पुरुषांच्या मुंबईत मुंबईचे किती? तो चहा आणायला गेला.

मग पहिली पंचाईत. सामना आयत्या वेळी अर्धा तास पुढे ढकलला गेला, साडेसातचा आठवर. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला त्याचं काही नसतं. आमच्याकडे डाक आवृत्ती, म्हणजे कोकणात आणि घाटावर जाणारा अंक, साडेनऊच्या सुमारास छपाईला सोडावा लागतो, नाहीतर गाडी चुकते. म्हणजे तळकोकणातल्या वाचकाला मुंबईचा फक्त डाव कळणार, निकाल नाही. पुरुषांच्या सामन्यांत ही कसरत अंगवळणी पडली आहे; कुठे जागा मोकळी ठेवायची, कुठली ओळ शेवटी बदलायची, हे हात आपोआप करतात. महिलांच्या सामन्यासाठी डाक थांबवून धरलेली मला तरी आठवत नाही. त्या रात्री काकांनी छापखान्याला फोन करून थोडी मुदत मागितली. “कुठली मॅच?” पलीकडून विचारलं असावं. “मुंबईची,” काका म्हणाले. आणखी काही सांगितलं नाही.

आमचा वार्ताहर स्टेडियमवर होता. त्याच्या फोनवर मागचा गोंगाट इतका की निम्मं बोलणं ओरडूनच. महिला आणि मुलींना प्रवेश मोफत ठेवला होता, त्यामुळे गर्दीचा तोंडवळाच वेगळा आहे म्हणाला. अख्खी घरं आलीत, आज्या आल्यात, शाळेच्या गणवेशावरच्या पोरी आल्यात. मी म्हटलं, “हे नंतर लिही. धावा किती?” हरमनप्रीत तेव्हा चौकारामागून चौकार मारत सुटली होती. २२ चेंडूंत पन्नास. ३० चेंडूंत ६५, त्यात १४ चौकार. हेली मॅथ्यूज ४७, अमेलिया कर नाबाद ४५. मुंबई ५ बाद २०७. डाकेला आम्ही मथळा दिला, हरमनप्रीतचा फोटो टाकला आणि पान सोडलं. त्या आवृत्तीत खेळपट्टी लीडच राहिली. निकालाशिवाय लीड देता येत नाही, हे सरांचं म्हणणं मला पटलं.

शहर आवृत्तीची गोष्ट निराळी झाली.

गुजरातच्या डावाच्या पहिल्याच षटकात त्यांची कर्णधार बेथ मूनी धाव घेताना पाय मुरगळून पडली. तिला मैदान सोडावं लागलं. त्यानंतर पडझड अशी झाली की मी टाइप करेपर्यंत वाक्य जुनं व्हायचं. तिशीच्या आत अर्ध्याहून जास्त संघ तंबूत. मध्येच वार्ताहराचा फोन: “ऐका, वाइडवर रिव्ह्यू घेतलाय!”

“वाइडवर? काहीतरी काय!”

“घेता येतो इथे. नवा नियम. वाइड आणि नो-बॉल, दोन्हीवर.”

सायका इशाकच्या चेंडूवर पंचांनी वाइड दिला होता. हरमनप्रीतने दाद मागितली, आणि रिप्लेत दिसलं की चेंडू फलंदाजाच्या ग्लोव्हला चाटून गेलाय. वाइड रद्द. आमच्यासमोरच्या पडद्यावर गुजरातची धावसंख्या एकने कमी झाली. इतकी वर्षं धावफलक बघतेय, तो उलटा फिरलेला मी पहिल्यांदा पाहिला. आयपीएलमध्ये हा नियम नंतर आला, महिलांकडे आधी. ही चौकट मी लगेच लिहून ठेवली.

१५.१ षटकांत गुजरात ६४. मुंबई १४३ धावांनी विजयी. सर उठून माझ्या टेबलाशी आले, दुसरा डमी काढला, आठ कॉलमी मथळ्यावर बोट ठेवलं आणि परत गेले. आमच्याकडे एवढंच असतं.

पण खरी गंमत धावफलकात. डेस्कवरचा नवा मुलगा स्कोअरकार्ड बसवत होता. तो पाच मिनिटं नुसता त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “मॅडम, एजन्सीचं चुकलंय. एक विकेट कमी आहे.”

मी बघितलं. सायका ४, सीव्हर-ब्रंट २, अमेलिया कर २, इसी वाँग १. नऊ. पुन्हा मोजले, नऊच. आणि खाली ‘सर्वबाद ६४’. हेमलता नाबाद २९, पण तिच्या जोडीला कोणी उरलं नव्हतं, कारण मूनी ‘जखमी निवृत्त, ०’ अशी वर बसली होती. ती बाद नाही, आणि खेळायलाही येणार नाही. म्हणून बळी नऊच, तरी डाव संपला. मुलाला हे समजलं, पण त्याचं समाधान झालं नाही. “वाचक विचारतील,” तो म्हणाला. मी म्हटलं, “महिलांच्या स्कोअरकार्डातली बेरीज कोण करतंय?” तरी त्याने फलकाखाली बारीक अक्षरात एक ओळ टाकलीच: मूनी जखमी झाल्याने फलंदाजीस परतली नाही.

तोवर बाराचा काटा जवळ आला आणि फोटोचं अडलं. हरमनप्रीतचे फोटो ढिगाने. पण ३.१ षटकांत ११ धावांत ४ बळी घेणाऱ्या सायकाचा आमच्या संग्रहात एकही नाही. कसा असणार? भारताकडून ती खेळलीच नव्हती तोवर. लिलावात दहा लाखांना, मूळ किमतीलाच, मुंबईने घेतलेली. एजन्सीकडून तिचा एक फोटो अगदी शेवटी आला, हात पसरून सहकाऱ्यांकडे धावतानाचा. काकांनी हरमनप्रीतला एक कॉलम कमी करून तो बसवला. नट्या गेल्या पान दहावर.

रविवारी दुपारी ऑफिसात शिरले तर ऑपरेटर म्हणाली, क्रीडाला सकाळपासून फोन येतायत. मला वाटलं, इंदूर. पहिलाच फोन एका दादरच्या काकांचा, निवृत्त बँकवाले असावेत असा आवाज. “अहो बाई, नऊ विकेट मोजल्या मी. सर्वबाद कसे?” बारीक ओळ त्यांनी वाचली नव्हती. मी वाचून दाखवली. “मग ती ओळ मोठ्या अक्षरात घाला ना,” ते म्हणाले. असे फोन आणखी आले. नवा मुलगा माझ्याकडे बघून काही बोलला नाही, पण त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत महिलांच्या बातमीवर वाचक आमच्याशी भांडू लागले, आणि कुणाला काय वाटो, मला त्या मोसमातली ही सगळ्यात मोठी घडामोड वाटते. स्मृतीची बंगळूर सलग पाच हरली तेव्हा सांगलीहून आलेली पत्रं छापण्यासारखी नव्हती. मुंबई सलग पाच जिंकून मग यूपी आणि दिल्लीकडून लागोपाठ हरली, तर “तुम्हीच डोक्यावर चढवलंत” असं एकाने ऐकवलं. यूपीविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये (हरणारा बाहेर) इसी वाँगने लीगमधली पहिली हॅटट्रिक घेतली. तिच्या तीन बळींत किरण नवगिरे आणि सिमरन शेख. मुंबई जिंकली याचा आनंद मानावा की सोलापूर-धारावीच्या मुली गेल्या याचं वाईट वाटून घ्यावं, यावर डेस्कवर दोन तट पडले. मी सोलापूरच्या बाजूला होते. किरणने २७ चेंडूंत ४३ केल्या होत्या, तिलाच मथळ्यात यायला हवं होतं असं माझं आजही मत आहे.

फायनल २६ मार्चला ब्रेबॉर्नवर. त्याच दिवशी दिल्लीत निखत आणि लवलिना मुष्टियुद्धात जगज्जेत्या झाल्या आणि सात्विक-चिराग जोडीने स्विस ओपन जिंकली. जागेची मारामारी अशी की यशस्वी तेव्हा त्रिशतक करता तरी खाली गेला असता. मुंबई ७ गडी राखून जिंकली, तीन चेंडू उरले असताना, सीव्हर-ब्रंट नाबाद ६०. करंडकासह हरमनप्रीत, सहा कॉलम. ९ बाद ७९ वरून दिल्लीला १३१ पर्यंत नेणाऱ्या शिखा पांडे आणि राधा यादवच्या भागीदारीला दोन ओळी उरल्या.

सोमवारी म्हापशाहून फोन. “२४ चेंडूंत ५२ केल्या दोघींनी, शेवटच्या जोडीने. आमची शिखा नाबाद २७. दोन ओळी? पुरुषांनी केलं असतं तर अर्धं पान दिलं असतं तुम्ही.”

मी म्हटलं, काल जागा नव्हती हो.

“आज आहे?”

आज होती. आयपीएल सुरू व्हायला चार दिवस बाकी होते. त्या भागीदारीवर तीन कॉलम लिहिले, शिखा आणि राधाचा एकत्र फोटो मागवला आणि डाक आवृत्तीत वरच्या अर्ध्यात घेतले, म्हणजे गोव्याच्या गाडीत जातील.