तुम्ही विचारलंत म्हणून: आधी फोम की आधी सॉफ्टवेअर?

इंडस्ट्रियल डिझाइन शिकायला येणारी मुलं आणि त्यांचे पालक मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात: थ्रीडी सॉफ्टवेअर आधी शिकायचं, की हाताने मॉडेल करायला? आधी मॉडेल, आणि तेही खऱ्या मापाचं.

पडद्यावर माप कळत नाही. जगचं हँडल 34 मिमी जाड काढा किंवा 46, दोन्ही देखणीच दिसतात. हातात घेतलं की लहान हाताची बोटं 46 मिमीला पुरी पडत नाहीत आणि भरलेला जग मुठीत फिरायला लागतो. गोल दांडा 30 ते 40 मिमी व्यासाचा असला तर बहुतेकांच्या मुठीत नीट बसतो.

फोमचं मॉडेल असं करा. बाजूचं आणि वरचं चित्र 1:1 मापात छापून ठोकळ्याच्या दोन बाजूंना चिकटवा. एका चित्रावरून कापून झालं की निघालेले तुकडे टेपने पुन्हा जागच्या जागी लावा आणि मगच दुसऱ्या बाजूने कापा. हे बरेच जण विसरतात. मग दुसरं चित्र तुकड्यांबरोबर निघून जातं आणि ठोकळा टेकायला सपाट बाजूही उरत नाही. पुढे 80, 120, 240 नंबरचा, म्हणजे खरखरीतकडून बारीककडे जाणारा सँडपेपर. पॉलिस्टायरीन फोमवर थेट स्प्रे पेंट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं रसायन) फोम खातं आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. आधी पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या.

आणि वजन घाला! एक लिटरचा जग असेल तर आत किलोभर वाळू हवीच. रिकाम्या फोमचं कुठलंही हँडल छानच वाटतं. मग काही न सांगता तो चार-पाच जणांच्या हातात द्या आणि अंगठा कुठे टेकतो तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा विखुरल्या तर आकार अंगठ्याला जागा दाखवत नाहीये.

ब्राउन या जर्मन कंपनीच्या 1956 सालच्या एसके 4 या रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरला आधी पत्र्याचं झाकण ठरलं होतं. ते आवाजाने थरथरायचं, म्हणून तिथले डिझायनर डीटर राम्स यांनी पारदर्शक अॅक्रिलिकचं सुचवलं, आणि पुढे तीच त्या वस्तूची ओळख झाली. तुमचं झाकणही वाजवून बघा, कागदावर ते थरथरत नाही.

सॉफ्टवेअर यानंतर. त्यात भाग काढताना तो मोल्डमध्ये, म्हणजे स्टीलच्या साच्यात, वितळलेलं प्लास्टिक भरून बनणार हे धरून चला. एबीएस या प्लास्टिकची भिंत साधारण 2 ते 2.5 मिमी आणि सगळीकडे सारखी ठेवा. आतली रिब, म्हणजे भिंतीला आधार देणारी पट्टी, भिंतीच्या 50 ते 60 टक्के जाडीची. ती भिंतीइतकी जाड केली तर जोडावर जास्त प्लास्टिक साठतं, उशिरा थंड होतं, आकसताना बाहेरचा पृष्ठभाग आत ओढतं. हाच सिंक मार्क. काळ्या चकचकीत भागावर तो लांबूनही दिसतो. उभ्या भिंतींना किमान 1 अंश ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार द्या, पृष्ठभागाला खरखरीत टेक्स्चर असेल तर जास्त. नाहीतर भाग मोल्डमधून ओरखडे घेत निघतो.

दोन भाग जोडणारी क्लिप किती घट्ट बसेल याची खात्री नसेल, तर पहिल्या मोल्डमध्ये ती थोडी सैलच ठेवा. मोल्डचं स्टील खरवडून प्लास्टिक वाढवता येतं, पण प्लास्टिक कमी करायचं तर स्टीलवर वेल्डिंग करावं लागतं.