पहिल्यांदाच स्वतःचे केस कापताय? आधी मोठा गार्ड लावा

कागद कापायची कात्री बाजूला ठेवा. बोथट पात्यातून केस निसटतात आणि टोकं फाटतात. नाशिकच्या मेन रोड किंवा शालिमारच्या दुकानांतून साडेपाच-सहा इंची, फक्त केसांसाठीची कात्री घ्या. सोबत ट्रिमर, बारीक दातांचा कंगवा आणि दोन आरसे. दुसरा आरसा मानेमागचं बघायला.

ट्रिमरसाठी केस धुऊन पूर्ण कोरडे करा, ओले केस पात्यात अडकतात. गार्ड म्हणजे ट्रिमरच्या पात्यावर बसवायचा कंगवा; तो जितका मोठा, तितके केस लांब राहतात. त्याचे नंबर साधारण असे: १ म्हणजे ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. सुरुवात ४ नेच करा. कानाजवळून वर, केसांच्या उलट दिशेने सावकाश फिरवा आणि डोकं गोलाकार होतं तिथे ट्रिमर बाहेर काढा. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: ट्रिमर तसाच वर जातो आणि बाजूला टक्कल पडल्यासारखा पट्टा दिसतो. खाली ३ लावायचा, पण अर्ध्या उंचीपर्यंतच.

वरचे केस कात्रीने, थोडे ओले करून. दोन बोटांत बट धरा, कात्री उभी धरून टोकं टिपा. आडवी कापली की पायरी पडते. ओले केस वाळल्यावर आखडतात, कुरळे तर फारच, म्हणून एका वेळी अर्धा सेंटिमीटरच. जास्त कापले गेले तर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढ, तोवर टोपी.

मानेची रेघ मात्र घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या. आरशात हात उलटा चालतो.