वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी फोटो जमवताना

आमच्या कृष्णाकाठच्या गावातल्या वाचनालयाला शंभर वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतून निवृत्त झालेली, गावातली निम्मी घरं माझ्या विद्यार्थ्यांची. कार्यवाह नाना म्हणाले, ‘बाई, तुम्ही मागितलेत तर कुणी नाही म्हणणार नाही.’ खरंच कुणी म्हटलं नाही. ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि आठ दिवसांत फोनमध्ये तीनशेच्या वर फोटो आले. ते पेनड्राइव्हवर भरून मी सांगलीला प्रेसमध्ये नेऊन दिले.

तिसऱ्या दिवशी डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला. ‘मॅडम, फोटो फाटतायत.’

फाटतायत म्हणजे काय ते त्याने मला शेजारी बसवून दाखवलं. ऑफसेट छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, लागतात. आमचं पान ए-फोर, म्हणजे रुंदी सव्वाआठ इंच. पानभर फोटो छापायचा तर रुंदीत जवळजवळ २४८० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवला जातो. १६०० भागिले ३००, म्हणजे सव्वापाच इंच. उभा फोटो असेल तर रुंदी जेमतेम चार इंच. फोनच्या पडद्यावर तो झकास दिसतो, कारण पडदाच मुळी तळहाताएवढा. कागदावर मोठा केला की कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

सगळ्यात वाईट अवस्था होती ती नानांना पहिल्या पानावर हव्या असलेल्या फोटोची. जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर काढलेला सभासदांचा ग्रुप फोटो. मूळ फोटो वाचनालयाच्या भिंतीवर होता; ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आत शिरलं, त्यात तो गेला. फ्रेम सापडली, आतला कागद लगदा झालेला. मला तो फोटो अकरा जणांनी पाठवला होता आणि अकराही प्रती एकाच फॉरवर्डच्या लेकी. सगळ्यात मोठी ६४० पिक्सेलची. त्यात माझे आजोबा आहेत, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. टोपीवरूनच ओळखायचे.

घरी येऊन मी आधी चुकीचा उपाय केला. फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये ७२ डीपीआय (इंचात किती ठिपके) लिहिलेलं दिसलं, ते एका सॉफ्टवेअरमध्ये ३०० केलं आणि परत पाठवलं. बऱ्याच जणांची इथेच गफलत होते, म्हणून सांगते. तो आकडा म्हणजे प्रिंटरला दिलेली नुसती सूचना: हे ठिपके एका इंचात किती बसवायचे. आकडा बदलला म्हणून ठिपके वाढत नाहीत. ‘रिसॅम्पल’ची खूण ठेवली तर सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने नवे भरतं, पण फोटोत जे नव्हतंच ते कुठून येणार?

मग ग्रुपवर नवा मेसेज टाकला: गॅलरीतून फोटो पाठवू नका, पेपरक्लिपची खूण दाबून डॉक्युमेंट निवडा आणि तिथून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाईल जशीच्या तशी येते. ‘एचडी’ पर्याय साध्यापेक्षा बरा, पण त्यातही फोटो दाबला जातोच. आणखी एक फायदा मला नंतर कळला. मूळ फाईलमध्ये फोटो काढल्याची तारीख नोंदलेली असते, ती नेहमीच्या व्हॉट्सअॅप प्रतीत उरत नाही. २०१६ चं व्याख्यान की २०१७ चं, यावर दोन सभासदांचा वाद चालला होता, तो मूळ फाईलने मिटवला. ज्यांना डॉक्युमेंटचं जमेना त्यांच्याकडे मी लॅपटॉप आणि केबल घेऊन गेले. चाळीसेक घरं झाली असतील.

दुसरा अडथळा अमेरिकेहून आला. भाचीने गावी आली असताना काढलेले सुंदर फोटो पाठवले, पण प्रेसच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही उघडेना. फाईलच्या शेवटी ‘एचईआयसी’. आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, फोटो याच प्रकारात साठवतात. त्याच दर्जाचा फोटो नेहमीच्या जेपीजी प्रकाराच्या जवळपास निम्म्या जागेत मावतो, हे त्यामागचं कारण. कुणीतरी सुचवलं, नाव बदलून शेवटी जेपीजी लिहा. लिहिलं. तरी उघडेना. प्रेसमधल्या मुलाने ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. सगळी अगम्य चिन्हं, पण पहिल्याच ओळीत ‘एचईआयसी’ ही अक्षरं स्पष्ट. बाटलीवरचं लेबल बदललं तरी आतलं रॉकेलच. फाईल खरोखर रूपांतरित करावी लागते, म्हणजे उघडून नव्या प्रकारात सेव्ह करावी लागते. भाचीने ते तिकडूनच करून दिलं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’ असं निवडलं की पुढचे फोटो जेपीजीत निघतात. आधी काढलेले मात्र आहेत तसेच राहतात.

आडवे झालेले फोटोही होते, माझ्या फोनवर सरळ आणि प्रेसमध्ये लोळलेले. फोन बहुतेक वेळा फोटो फिरवत नाही, ‘हा फिरवून दाखवा’ अशी नुसती नोंद करतो आणि काही सॉफ्टवेअर ती नोंद वाचत नाहीत. फिरवून सेव्ह केले, विषय संपला.

आता स्कॅनिंग. हा भाग मला मनापासून आवडला. शाळेचा स्कॅनर महिनाभर मागून आणला. मऊ कापडाने फोटो पुसायचा, काच पुसायची, मग ६०० डीपीआयला स्कॅन, आणि फाईल ‘टिफ’ या प्रकारात. चार बाय सहा इंची फोटो असा घेतला की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल होतात आणि फाईल जवळजवळ २६ एमबीची. नाना धास्तावले. ‘एवढी मोठी कशाला? जेपीजीत तीन एमबीत बसतंय की.’

त्यांना मी कॉम्प्युटरवरच दाखवलं. जेपीजी हा प्रकार १९९२ पासूनचा, आणि तो जागा वाचवतो ते काही माहिती कायमची टाकून देऊन. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्याला सहसा जाणवत नाही तो गाळायचा. एकदा गाळला तर कळतही नाही. पण फोटो उघडला, कडा कापली, सेव्ह केला; पुन्हा उघडला, उजळ केला, सेव्ह केला, की दर खेपेला नव्याने गाळणी लागते. एका जुन्या निमंत्रणपत्रिकेवर मी असं दहा वेळा केलं. अक्षरांभोवती डास घोंगावल्यासारखी भुरी उमटली, ‘वाचनालय’मधला भला मोठा ‘च’ सुद्धा मळकट झाला. टिफमध्ये असं काही गळत नाही. म्हणून नियम केला: स्कॅन टिफमध्ये, कापाकापी टिफच्या प्रतीवर, आणि जेपीजी अगदी शेवटी, कुणाला पाठवायची असेल तरच. नाना दुसऱ्या दिवशी स्वतः एक टीबीची हार्डडिस्क घेऊन आले.

वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी वेगळंच छळलं. छापील फोटो मुळातच ठिपक्यांचा बनलेला असतो. स्कॅनरच्या ठिपक्यांशी त्याची गाठ पडली की चित्रभर जाळीदार लाटा उमटतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ नावाचा पर्याय सापडला, त्याने त्या बऱ्याच गेल्या.

बोधचिन्हाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ही अडचण प्रत्येक मंडळाला येते. आमच्याकडे बोधचिन्ह होतं जेपीजीत. पिवळ्या मुखपृष्ठावर ठेवलं की भोवती पांढरा चौकोन, कारण जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही. एकाने ते उघडून पीएनजी म्हणून सेव्ह करून दिलं. पीएनजीत पारदर्शक जागा ठेवता येते हे खरं, पण जेपीजीतला पांढरा रंग पीएनजीतही पांढराच राहतो. तो कुणीतरी हाताने काढावा लागतो. कडेची भुरीसुद्धा तशीच येते. शेवटी लेटरहेड छापणाऱ्याकडे चौकशी केली, तर त्याच्याकडे कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाईल निघाली. ती रेषांची, ठिपक्यांची नाही, त्यामुळे बिल्ल्यापासून फ्लेक्सपर्यंत कितीही मोठी करा, धार जात नाही. मात्र प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर वाचनालयाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं आली, कारण तो जुना मराठी फॉन्ट तिथे नव्हता. लेटरहेडवाल्याने अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांच्याही रेषा करून, पुन्हा पाठवली. आता ती फाईल वाचनालयाच्या कपाटात पेनड्राइव्हवर आणि अध्यक्षांच्या ईमेलमध्येही आहे.

रंगांबद्दल थोडक्यात. पडदा रंग दाखवतो प्रकाशाने, प्रेस छापते चार शाईंनी. ग्रंथदिंडीतल्या पताकांचा झळझळीत भगवा पहिल्या प्रूफवर विटकरी आला. प्रेसमधल्या मुलाने फोटो आधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, नेऊन हाताने सुधारले, तरी पडद्यावरची झळाळी पूर्ण आली नाही. ती शाईची मर्यादा आहे, भांडून उपयोग नाही.

हे सगळं होईपर्यंत पहिलं पान कोरंच होतं. ग्रुप फोटोची ६४० पिक्सेलची प्रत दोन इंचांच्या वर छापता येत नव्हती. मी विचारत गेले, की फॉरवर्ड झाली ती पहिली फाईल आली कुठून? माग काढता काढता नानांच्या पुतण्यापाशी पोचले. त्याला अंधुक आठवलं: २०११ मध्ये पुण्याच्या आत्यांना हवा होता म्हणून त्याने तो भिंतीवरून उतरवून सायबर कॅफेत स्कॅन केला होता. कॅफे बंद पडलेला, त्याची सीडी हरवलेली. पण पाठवला कसा? तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं त्याच्याकडे. ईमेलने!

ईमेलला जोडलेली फाईल सहसा कुणी दाबत नाही, कुणी लहान करत नाही. मी पुण्याला गेले. आत्या ब्याऐंशी वर्षांच्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवलेला. जोडपत्र असलेल्या मेलमध्ये पुतण्याचं नाव शोधलं आणि तो निघाला. ३००० गुणिले २४०० पिक्सेल, दोन एमबी. जेपीजीच होता, पण एकदाच गाळलेला. मी तो पडद्यावर मोठा करत गेले आणि आजोबांचे डोळे दिसले. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

फॉरवर्ड होता होता कुणीतरी फोटोची खालची पट्टी कापून टाकली होती. या फाईलमध्ये ती होती: पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली, रांगेनुसार सगळ्यांची नावं. खुर्च्यांच्या टोकाला नऊवारीतल्या ज्या बाई बसल्या आहेत, त्यांना आम्ही आजवर कुणातरी सभासदाची पत्नी समजत होतो. त्यांच्या नावापुढे कंसात लिहिलं आहे, ‘ग्रंथपाल’.

फोटो पानभर छापला. खाली सतरा नावं दिली, अठराव्या जागी टिंबं, कारण तिथला पुठ्ठा स्कॅन व्हायच्या आधीच कसरीने खाल्लेला होता. मूळ फाईलला हात न लावता तिची टिफ प्रत करून तिच्यावर काम केलं, आणि मूळ दोन हार्डडिस्कवर ठेवली, एक वाचनालयात, एक पुराच्या पाण्यापासून दूर माझ्या बहिणीकडे मिरजेत. आत्यांना एवढंच सांगून आले, की तो मेल डिलीट करू नका.