तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी वकिलांना तिसरं सॉफ्टवेअर कशाला?

“पोलिसांचं सॉफ्टवेअर आहे, कोर्टाचंही आहे. मग तुम्हा सरकारी वकिलांना आणखी तिसरं कशाला?” साताऱ्यात बार रूममध्ये चहाला बसलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. नव्याने रुजू झालेले सहकारी विचारतात. मध्यंतरी एका लग्नात, पाहुण्यांपैकीच एका निवृत्त फौजदारांनी भर पंगतीत विचारलं. प्रश्नात खोच असते: आणखी एक पोर्टल, आणखी एक पासवर्ड, आणखी एक ट्रेनिंग. खोच अगदीच अनाठायी नाही. पण पानात जिलेबी पडेपर्यंत उरकावं असं ते उत्तर नाही, म्हणून लिहून टाकते.

मी सहायक सरकारी अभियोक्ता. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारतर्फे उभी राहणारी, लोकांच्या भाषेत ‘एपीपी मॅडम’.

आधी कुणाकडे काय असतं ते. पोलिसांची यंत्रणा सीसीटीएनएस, केंद्राने 2009 साली मंजूर केलेली. फिर्याद, अटक, दोषारोपपत्र, सगळं तिथे गुन्हा रजिस्टर नंबराखाली लागतं. कोर्टाकडे ई-कोर्ट्स. तिथे प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, ज्याच्यावरून तुम्ही मोबाइलवर पुढची तारीख बघता. तुरुंगांचं वेगळं, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं वेगळं. आणि आमचं, म्हणजे हेच ते ‘तिसरं’, ई-प्रॉसिक्युशन, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने बनवलेलं. हे पाचही एकमेकांना जोडायचे म्हणून आयसीजेएस हा प्रकल्प. 2022 च्या फेब्रुवारीत त्याच्या दुसऱ्या टप्प्याला 3,375 कोटी रुपये मंजूर झाले.

आता मेख कुठे आहे ती बघा. पोलिसांच्या यंत्रणेला गुन्हा माहीत असतो. दोषारोपपत्र कोर्टात गेलं की पोलीस ठाण्याच्या लेखी तपास संपला. कोर्टाच्या यंत्रणेला प्रकरण माहीत असतं, पण न्यायाधीशांसमोर जे घडलं तेवढंच: आज साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख अमुक. तो साक्षीदार का आला नाही, येणार आहे का, आला तर काय बोलेल, हे दोघांनाही ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं सरकारी वकिलाला, आणि ते राहतं त्याच्या ब्रीफच्या, म्हणजे केसच्या कागदांच्या फाईलच्या, समासात, पेन्सिलीने.

माझ्याकडे आलेल्या अशा एका जुन्या ब्रीफमध्ये साक्षीदारांच्या यादीवर आधीच्या वकिलांनी बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या. एका नावापुढे ‘माथाडी, वाशी. गावच्या जत्रेला येतो, तेव्हा समन्स काढणे’. दुसऱ्यापुढे ‘पंच. सही ओळखतो, बाकी विचारू नये’. तिसऱ्यापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह आणि खाली रेघ. आमच्या पाटण-जावळीकडची निम्मी कर्ती माणसं मुंबई-नवी मुंबईत असतात. त्यांच्या गावच्या पत्त्यावर समन्स गेलं की शेरा येतो, ‘सदर इसम मुंबईस राहणेस, पत्ता मिळून येत नाही’. कोर्टाच्या रोजनाम्यात तेवढंच उमटतं. त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे समन्स जत्रेच्या तोंडावर काढलं, पैरवी हवालदारांनी (कोर्टाचं काम बघणारे पोलीस) देवळापाशी गाठून बजावलं, आणि साक्ष झाली. अक्षर वाचता आलं, हे नशीब.

कऱ्हाडकडे याचाच दुसरा प्रकार. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, आणखी कुठून कुठून. रस्त्यावरच्या अपघाताचा किंवा मारामारीचा डोळ्यांदेखतचा साक्षीदार बहुधा त्यांच्यातला असतो. केस साक्षीपुराव्याला लागते तेव्हा टोळी गेलेली असते, आणि पुढच्या हंगामात ती याच कारखान्याला येईल असंही नसतं. मुकादमाचा नंबर कुणाकडे तरी असतो. ते ‘कुणाकडे तरी’ म्हणजे बदलून गेलेला तपासी अंमलदार किंवा बदलून गेलेला सरकारी वकील. आमच्या बदल्या होतात, केसेसच्या होत नाहीत.

तर पहिलं उत्तर हे, की वकील बदलला तरी केसची स्मृती राहावी म्हणून. साक्षीदारनिहाय टिपण, मुद्देमाल कुठे आहे, सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबचा रासायनिक तपासणीचा अहवाल, आलाय का पुण्याच्या लॅबला अजून स्मरणपत्र पाठवायचंय, उच्च न्यायालयात काही अर्ज प्रलंबित आहे का, हे एका जागी. वेग वाढेल, कागद वाचतील वगैरे भाषणांत म्हणतात ते मी फारसं मनावर घेत नाही. कागद अजिबात वाचलेला नाही.

दुसरं उत्तर बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ‘सरकारी वकिलांचं ऑफिस’ असं एक ऑफिस नाहीच. आम्ही दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातले अभियोग संचालनालयाखाली, म्हणजे गृह विभागाकडे. सत्र न्यायालयात उभे राहणारे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी विधी व न्याय विभागाने नेमलेले. खुनाचा गुन्हा घडला की पहिला रिमांड आमच्यासमोर. दोषारोपपत्र येतं, प्रकरण सत्र न्यायालयाकडे कमिट, म्हणजे सुपूर्द, होतं आणि दुसऱ्या ऑफिसचं होऊन जातं. जामीन नाकारला की आरोपी उच्च न्यायालयात. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, म्हणजे तिसरं सरकारी वकील कार्यालय. एकाच आरोपीच्या एकाच गुन्ह्यात तिघं जण सरकारतर्फेच बोलणार, आणि तिघांकडे तीन वेगळे कागदांचे संच.

हे कागद इकडून तिकडे कसे जातात ते सांगू का? व्हॉट्सॲपवर. दुपारी फोन येतो, “मॅडम, उद्या मॅटर बोर्डावर आहे, तेवढे जबाब पाठवा ना.” मग कुणीतरी टेबलावर फाईल उघडी धरून फोटो काढतो. पानाच्या कडेला त्याचा अंगठा, वर ट्यूबलाइटची तिरीप, आणि नेमकी त्या तिरिपेखाली घटनेची वेळ. पलीकडचे वकीलसाहेब तो फोटो मोठा करकरून वाचणार आणि त्यावर म्हणणं मांडणार. पीडितेचं नाव असलेला जबाब अशा पद्धतीने कुणाकुणाच्या फोनमध्ये जाऊन बसतो याचा विचार केला की अंगावर काटा येतो. तिन्ही ऑफिसांना एकच नोंद दिसेल अशी सोय व्हावी याला माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

छाननीचंही असंच. अटकेतल्या आरोपीविरुद्ध 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेत होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये आहे. ही मुदत सगळ्यांना तोंडपाठ असते, तरी दोषारोपपत्राचा मसुदा पोलिसांकडून आमच्याकडे छाननीला येतो तो शेवटच्या एक-दोन दिवसांत, संध्याकाळी, ऑफिस बंद व्हायच्या वेळी. कोयत्याची लांबी पंचनाम्यात एक आणि लॅबला पाठवलेल्या पत्रात दुसरी असते. आता ते दुरुस्त करायचं तरी कसं? खुलाशाचा पुरवणी जबाब घ्यायला वेळ कुठे? तसंच दाखल करा म्हणायचं, आणि उलटतपासात आरोपीचे वकील त्या कोयत्याचं जे काही करतील ते उभं राहून बघायचं. मसुदा यंत्रणेतून पाठवायचा असेल, आणि अटकेची तारीख पहिल्या दिवसापासून आमच्याही पडद्यावर दिसत असेल, तर निदान ‘काल सांगितलं असतं तर’ हे कुणाला म्हणता येणार नाही. कुणी कधी पाठवलं, कुणी कधी उघडलं, सगळं नोंदलेलं राहतं. काहींना सॉफ्टवेअर नको असतं ते याचमुळे, असं माझं मत. आमच्यातलेही त्यात आले.

मात्र ‘सामायिक’ म्हटलं म्हणून सगळ्यांना सगळं दिसावं, याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या केडरला, म्हणजे संवर्गाला, इतिहास आहे. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते पूर्वी पोलीस खात्याच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली होते. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितलं की अभियोक्ता पोलिसांपासून मोकळा हवा, त्यांचं स्वतंत्र केडर करा. ते मोकळेपण आदेशाने मिळालं. आता ते लॉगिनच्या एका चुकीच्या परवानगीतून जाऊ नये. दोषारोपपत्रातली त्रुटी पोलिसांना कळायलाच हवी. पण ‘हा साक्षीदार शिकवलेला वाटतो’ किंवा ‘तपासी अंमलदाराने वेळ जुळवलेली दिसते’ हे मी माझ्यासाठी आणि माझ्या वरिष्ठांसाठी लिहिते. ते पोलीस ठाण्यातल्या संगणकावर दिसणार असेल तर मी लिहिणारच नाही. पुन्हा पेन्सिल. म्हणून ट्रेनिंगला कुणी विचारलं नाही तरी मी हे विचारते: हे टिपण कुणाकुणाला दिसतं? उत्तर “सिस्टीम सिक्युअर आहे” असं आलं, तर समजायचं की उत्तर आलेलं नाही.

वरिष्ठांचं म्हणाल तर कायद्याने त्यांच्यावर आता नेमकी जबाबदारी टाकली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 मध्ये अभियोग संचालनालयाची उतरंड आहे: दहा वर्षं किंवा त्याहून अधिक, जन्मठेप आणि फाशीच्या शिक्षेच्या गुन्ह्यांवर संचालकांची देखरेख, सात ते दहाच्या आत उपसंचालकांची, सातच्या आत सहायक संचालकांची. देखरेख करायची तर आधी यादी हवी. आज ती यादी कशी तयार होते? प्रत्येक कोर्टातला माणूस रजिस्टरवरून मोजतो, तक्त्यात भरतो, महिनाअखेरीस पाठवतो, आणि वर कुणीतरी सगळे तक्ते एकत्र चिकटवतो. त्यात आकडे असतात, केस नसते.

आता दुखणं. कामाच्या दिवशी बोर्डावर प्रकरणांची रांग असते, सकाळी साक्षीदारांशी बोलायचं, दिवसभर उभं राहायचं, रिमांड संध्याकाळपर्यंत चालतात. नोंदी भरायच्या कुणी? बऱ्याच ठिकाणी मदतीला लिपिक नाही. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडे नेट जातं ते जातंच. आरोपीच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पोलिसांकडे एक, कोर्टाकडे दुसरं, आणि शोधायला गेलं की तो माणूसच सापडत नाही. हे सगळं एकवेळ निभावेल. निभत नाही ते दुहेरी काम: सॉफ्टवेअर भरा, रजिस्टरही लिहा, शिवाय तोच तक्ता मेलवर पाठवा. घरात गॅस आला तरी चूल विझवायची नाही, असा हा हट्ट. जे ऑफिस पहिल्याच दिवशी ठरवेल की अमुक नोंदवही आजपासून बंद, तिथे सॉफ्टवेअर चालेल. जिथे “तूर्त दोन्ही चालू ठेवा” म्हणतील, तिथे सहा महिन्यांनी नोंदवही चालू असेल आणि पासवर्ड कुणाला आठवत नसेल.

राहता राहिला निकाल. गुजरात शासन विरुद्ध किशनभाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये सर्व राज्यांना सांगितलं की आरोपी सुटला की तो का सुटला हे पोलीस आणि अभियोग खात्याच्या वरिष्ठांच्या समितीने तपासावं, आणि त्यातून शिकून प्रशिक्षण द्यावं. सामायिक यंत्रणेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एकेक निकाल वाचून काही कळत नाही. शंभर निकाल शेजारी ठेवले की दिसतं, की कोयता कुठल्या टप्प्यावर हरवतो, कुठल्या प्रकारचे पंच टिकत नाहीत, सीए रिपोर्ट कितीदा युक्तिवादानंतर येतो.

फक्त एक धोका आहे. सुटकेचं कारण लिहायला ठरावीक पर्यायांची यादी दिली, तर त्यातला ‘साक्षीदार फितूर’ हा पर्याय सगळे डोळे मिटून निवडतील, कारण तो बहुतेकदा खराही असतो. पण फितूर का? एक जण फितूर झाला कारण भावकीत मिटलं आणि बांधाचा वाद संपला. एक झाली कारण केस इतकी लांबली की तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि सासरी हा विषय नको होता. एकाला आम्हीच चार वेळा बोलावून साक्ष न घेता परत पाठवलं होतं, पाचव्यांदा तो आला आणि म्हणाला, “मला काही आठवत नाही साहेब.” या तिघांवर उपाय तीन वेगळे आहेत, आणि तिसऱ्याचा तर आमच्याच हातात आहे. म्हणून त्या यादीखाली मोकळी जागा ठेवा, मराठीत टाइप करता येईल अशी, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. सध्या तरी “सूचना नोंदवून घेतली आहे” असं उत्तर मिळालं आहे.